चोरओटी

॥ श्री ॥

चोआ चू कांग, सिंगापूर
रविवार, ६ जून २०२१

प्रिय चित्रास,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. माझा फोन पोलिसांनी तपासासाठी नेलाय. परत कधी मिळेल असं विचारलं, तर तो तरुण अधिकारी फार अदबीने म्हणाला की सांगता येत नाही. मंदारच्या फोनवरून तुझ्याशी बोलले असते, पण समोर हा पोरगा, पलीकडे सूनबाई वल्लरी, आणि मध्ये आमचे हे टीव्हीचा आवाज बारीक करून कान टवकारून बसलेले. म्हणून शाळेच्या सुट्टीत एकमेकींना लिहायचो तसं लिहायला बसले. मिरजेला टपाल पोचायला तीन आठवडे लागतात म्हणे. लागू देत.

तू सगळं फोनवर तुकड्यातुकड्यांनी ऐकलंस, आणि रडत सांगितलेलं काही धड कळत नाही. ओळीने लिहिते.

चौदा मे, अक्षय्य तृतीया. सकाळी घसा धरला होता म्हणून खालच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरने नाकातून नमुना घेतला आणि कागद दिला, की निकाल येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा कायदा आहे. मी वाचला, सही केली. लशीचे दोन्ही डोस झालेले, ताप नाही, म्हणून मनात धरलं की साधी सर्दी असणार. दुपारी तीन मजले उतरून तुझ्या रुचिराकडे गेले. लिफ्टने नाही, जिन्याने, म्हणजे माझ्यामुळे कुणाला बाधायला नको. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं लिटिल इंडियातून आधीच आणून ठेवलेलं. पोरीचा पाचवा महिना, तुझा जावई अमेय बोटीवर अडकलेला, तू विमानं बंद म्हणून मिरजेत. तिची ओटी भरली, मास्क खाली करून तिच्या तोंडात साखरभाताचा घास घातला. ती रडली आणि मी तिला जवळ घेतलं. मग वर आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल आला, कोविड. मला न्यायला गाडी आली, आणि तिच्यात बसल्यावर सरकारी बाईंचा फोन आला. काल कुठे गेला होतात, कुणाला भेटलात. मी म्हटलं, कुठेच नाही, घरातच होते. तीन दिवसांनी तुझ्याकडून कळलं की रुचिराला ताप आहे, तेव्हा मीच त्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. तोवर तिच्या छातीत उतरलं होतं. तिला नळीने प्राणवायू द्यावा लागला, हे तुला मी काय सांगू, त्या रात्री तू कशा काढल्यास ते मला माहीत आहे.

आता ती घरी आलीय आणि बाळाचे ठोके चांगले आहेत, एवढ्यावर मी जेवते. तिला भेटायची मला मनाई आहे, कारण ती या खटल्यात साक्षीदार धरली जाईल. वल्लरी दाराबाहेर डबा ठेवून येते. डबा माझ्या हातचा आहे हे तिला सांगत नाही.

दोन गुन्हे लागतील म्हणतात. बाधा असू शकते हे ठाऊक असून बाहेर पडले हा एक, आणि खोटी माहिती दिली हा दुसरा. प्रत्येकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकसष्टाव्या वर्षी मी तुरुंगात जाणार की काय या विचारात तव्यावरची पोळी करपते.

एक गोष्ट लिहून ठेवते. जाण्याआधी मी तुला व्हॉइस मेसेजवर विचारलं होतं, आणि तू जा म्हणालीस. ते मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांना फोनमध्ये सापडेल ते सापडो. पाय माझे होते.

लोभ आहेच, तो या प्रकरणात आटू देऊ नकोस.

तुझी,
सुरेखा


मिरज
२८ जून २०२१

प्रिय सुरेखास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र बावीस दिवसांनी मिळालं. पाकीट कुणीतरी फवारून फवारून ओलं केलेलं, तुझी शाई पसरलीय. तरी तुझं अक्षर तसंच, फळ्यावरच्यासारखं.

खोटं कशाला लिहू, पहिले आठ दिवस मी तुला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. रुचिराला श्वास घेता येत नव्हता, फोनवर नुसती घरघर ऐकू यायची, आणि मी इथे देवापुढे बसून तुझ्या नावाने बोटं मोडत होते. मग आठवायचं की जा कोण म्हणालं, की पुन्हा माझीच मला लाज वाटायची. मी तुला म्हटलेला शब्दन् शब्द आठवतोय. तीन मजले म्हणजे काय घराबाहेर झालं का, नाकात काडी घातली म्हणून काही कुणी आजारी होत नाही, अक्षय्य तृतीया पुन्हा वर्षाने यायची आणि पोरीचा पाचवा महिना काही तुमच्या रिपोर्टसाठी थांबणार नाही. मोठी शहाणी मी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी विधवा म्हणून माझ्या हातची ओटी चालत नाही, असं कारण काढून तुझ्या गळ्यात घातलं. तू तेव्हा हसलीस आणि म्हणालीस की हे असलं खूळ मी शाळेत असतानाही मानत नव्हते. खरं कारण वेगळंच होतं. मला यायला मिळत नव्हतं याचा मला संताप आला होता, आणि माझं काहीतरी तिथे झालंच पाहिजे असं वाटत होतं.

दर पंधरा दिवसांनी तिचं स्कॅन असतं. त्या दिवशी मी दुपारपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही. डॉक्टर म्हणतात बाळ वाढतंय, पण तापाचा काही परिणाम झालाय का ते जन्मल्यावरच नक्की कळेल. सप्टेंबर अजून किती लांब आहे.

आता माझी विनंती ऐक, आणि माझा राग मानू नकोस. रुचिराने मागच्या आठवड्यात मला सरळ विचारलं की मावशीने तुला सांगितलं होतं का, नमुना घेतलाय म्हणून. मी विषय बदलला. सुरेखा, तिला इतक्यात कळता कामा नये. नवरा समुद्रावर, घरात एकटी, तिला दिवसातून चार वेळा माझा आवाज लागतो. माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला तर ती बोलेल कुणाशी.

आणि तू तरी तुरुंगात का जावंस. सांग की, इंग्रजी कागद होता, म्हातारीला कळला नाही. कोण तपासायला येतंय.

तब्येतीला जप. मनोहररावांना नमस्कार. माझ्याविषयी जे काय शिल्लक असेल ते राहू दे.

तुझी,
चित्रा


चोआ चू कांग
२५ जुलै २०२१

प्रिय चित्रास,
स. न. वि. वि.

इंग्रजी कळलं नाही म्हणू म्हणतेस. गंमत म्हणजे मंदारचीही तीच कल्पना, आणि वकिलांनाही ती बरी वाटतेय. अगं एकतीस वर्षं मी मुलींना भाषांतराचे उतारे घातले, आर्टिकल चुकलं तर अर्धा गुण कापला, आणि आता न्यायाधीशांपुढे उभी राहून म्हणू की कागदावरचं होम म्हणजे काय ते मला समजलं नाही. माझ्या सगळ्या नापास विद्यार्थिनी टाळ्या वाजवतील.

पण भाषेवरूनच खरं गाडं अडलंय. माझ्या फोनमधल्या मेसेजचं त्यांनी भाषांतर करून घेतलं. तुझं उत्तर आल्यावर मी तुला म्हटलं होतं, आठवतं ना, की बरं, गुपचूप जाऊन चोरओटी भरून येते, कुणाला कळायला नको. ते कागदावर कसं उतरलंय, तर मी लपून जाते, चोराची मांडी भरते, कुणालाही कळता कामा नये. ओटी शब्दाला त्यांनी मांडी म्हटलंय. चोराची मांडी. तो अधिकारी तीन तास मला विचारत होता की चोरी कशाची झाली आणि कोणाच्या मांडीवर काय ठेवलं.

मी त्याला शिकवल्यासारखं समजावलं. की आमच्यात पोरीला दिवस राहिले की चारचौघांना सांगण्याआधी आई तिची गुपचूप ओटी भरते, दृष्ट लागू नये म्हणून. पदरात खण-नारळ-तांदूळ घालायचे, गाजावाजा करायचा नाही, म्हणून तिला चोरओटी म्हणायचं. नंतर सातव्या महिन्यात डोहाळजेवण, ते वाजतगाजत. त्याने सगळं लिहून घेतलं. मग विचारलं की जिन्याने का गेलात. मी म्हटलं, लिफ्टमध्ये कुणाला माझ्यापासून बाधू नये म्हणून. त्याने तेही लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसले. लिफ्टमधल्या परक्या माणसाला बाधेल याची काळजी होती, म्हणजे बाधू शकतं हे ठाऊक होतं. आणि मग त्याच पायांनी गरोदर पोरीकडे गेले.

वकील मात्र या चोरओटीवर खूश आहेत. ते म्हणतात, गुपचूप जाणं हा गुन्हा लपवणं नव्हतं, ती रीत होती, हे आपण कोर्टाला पटवू. त्यासाठी खटला लढवावा लागेल, मग दोघींचे सगळे मेसेज वाचून दाखवतील. तुझंही उत्तर. ते आपल्याला उपयोगी आहे, असं ते म्हणतात. घरातल्या कुणीतरी भरीला घातलं म्हटलं की शिक्षा हलकी होते, कदाचित दंडावर निभावेल. मी त्यांना म्हटलं, विचार करते.

शिक्षा झाली तर माझा इथे राहण्याचा पासही जाईल, पुन्हा येऊ देणार नाहीत, असंही म्हणाले. इराला आठ वर्षं पूर्ण होतील डिसेंबरात. तिने आईला विचारलं की आजी जेलमध्ये जाणार का, पुढे ते इथल्या बोलीतलं लाह लावून, आणि तिथे वायफाय असतं का हेही विचारलं. सगळे हसले. मग वल्लरी उठून आत गेली ती बराच वेळ आली नाही.

हे हल्ली स्वतः चहा करतात. पाणी जास्त, साखर जास्त, पण पुढ्यात आणून ठेवतात. परवा म्हणाले, तुरुंगात गेलीस तर मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन. चाळीस वर्षांत माझ्याशी इतकं गोड कधी बोलले नव्हते, त्यानेच जास्त भीती वाटली.

रुचिराचा सातवा सरत आला. डोहाळजेवण कोण करणार, हा विचार मनात येतो आणि मी कानाला खडा लावते. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
सुरेखा


चोआ चू कांग
२२ ऑगस्ट २०२१

ति. सुरेखामावशी यांस,
सा. न.

हे पत्र वल्लरीवहिनींच्या हाती देते आहे. मी तुम्हाला लिहायला हवं की नको ते माहीत नाही, तुमचे वकील रागावतील. पण पोटात बाळ हलतं आणि माझ्या डोक्यात तेच तेच फिरत राहतं, तर एकदा लिहून मोकळी होते. माझं मराठी लेखन तुमच्याइतकं शुद्ध नाही, चुका काढू नका.

तुम्ही ओटी भरायला आलात याचा मला राग नाही. खरंच नाही. त्या दिवसांत माझा वाढदिवससुद्धा कुणी केला नसता असं वाटत होतं. तुम्ही आलात, नऊवारी नेसून, घाम पुसत, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. महिन्याभरात मला कुणी हात लावला नव्हता. त्यापायी मला कोविड झाला, तेही मी कदाचित माफ केलं असतं.

मला राग आहे तो पंधरा, सोळा आणि सतरा तारखेचा. तुम्हाला पंधराला संध्याकाळी कळलं. तुम्हाला घेऊन गेले ते मी खिडकीतून पाहिलं आणि मेसेज केला, मावशी काय झालं. तुम्ही लिहिलंत, तपासणीला नेतायत, काळजी करू नकोस, आराम कर. मी केली नाही काळजी. सतराला मी स्कॅनला गेले. बाहेर वेटिंगमध्ये माझ्याशिवाय सात जणी होत्या. शेजारी एक तमिळ मुलगी होती, तिचं तिसऱ्यांदा होतं, आधीची दोन राहिली नव्हती. तिने मला स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि मी त्यातून प्यायले. नंतर त्या सातही जणींना घरात कोंडून ठेवलं. तिला काही झालं नाही. पण ते मला पंधरा दिवस माहीत नव्हतं, मी हॉस्पिटलमध्ये नळी लावून त्या मुलीचा विचार करत पडले होते.

तुम्ही पंधरालाच एक शब्द सांगितला असता तर मी घरात बसले असते आणि डॉक्टरांनी आधीच औषध दिलं असतं. तुम्ही कुणाला घाबरलात, पोलिसांना, की मंदारदादाला, मला खरंच जाणून घ्यायचंय.

आईसुद्धा हेच म्हणते. मी तिला तीन-चारदा विचारलं, शेवटी तिने सांगितलं की तुम्ही तिलाही अंधारात ठेवलंत, नमुन्याचं तिला काहीच माहीत नव्हतं, नाहीतर तिने तुम्हाला उंबरा ओलांडू दिला नसता. इतकी जुनी मैत्रीण, तिच्याशी तरी असं करायला नको होतं.

डबे तुमच्या हातचे आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आमटीत गूळ तुम्हीच घालता. भूक लागते म्हणून खाते.

काकांना नमस्कार.

रुचिरा


चोआ चू कांग
५ सप्टेंबर २०२१

प्रिय चित्रास,
स. न. वि. वि.

रुचिराचं पत्र आलं. तिने लिहिलंय की मी तुलाही अंधारात ठेवलं होतं.

ते वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. तुझ्यावर चिडायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. पहिल्यांदा वाटलं की रुचिराला आता सगळं कळवावं, माझं काय जातंय, आणि वकिलांना सांगावं की लढवा खटला, वाचा सगळे मेसेज. मग तिच्या पत्रातली शेवटची पानं पुन्हा पाहिली. तिचे दिवस भरत आलेत, अमेयला अजून उतरू देत नाहीत. तिला आत्ता आई पाहिजे, खरी-खोटी जशी आहे तशी.

म्हणून मी गुन्हा कबूल करायचं ठरवलंय. कबूल केलं की मेसेज वाचायची वेळ येत नाही, नुसती माझी चूक तेवढी वाचतात. मंदार म्हणतो, आई, तू कुणाला तरी वाचवतेयस. मी म्हटलं, हो, स्वतःला.

आणि ते खोटं नाही, चित्रा. मी खूप विचार केला. गुपचूप गेले ती रीत होती, तिथे वकिलांचं बरोबर आहे. पण त्या बाईंचा फोन आल्यावर गप्प बसले ती काही रीत नव्हती. मला दोन सेकंदांत सगळं दिसलं होतं, मंदारचा चेहरा, पोलीस, वर्तमानपत्रात फोटो. चोरओटी कुणाला सांगायची नसते असं मी मनाशी म्हटलं आणि त्या चांगल्या शब्दाच्या मागे लपले. पुढचे तीन दिवस रोज फोन हातात घेतला आणि रोज ठेवून दिला. रुचिराने विचारलंय, मी कुणाला घाबरले. कुणाला म्हणून नाही. तोंडावर पडायला घाबरले. एवढ्यासाठी एका पोरीने परक्या पोरीची बाटली तोंडाला लावली.

तुझ्या त्या एका शब्दाचं ओझं मी तुला परत देत नाही. तू जा म्हणालीस खरं, पण एरवी मी तुझं कुठे ऐकते. पण तू तिला जे सांगितलंस ते मला लागलं, हे लिहिल्याशिवाय पत्र बंद करता येईना.

बाळंतपण नीट होऊ दे. ते झालं की मग कळव, तोवर नाही लिहिलंस तरी चालेल. लोभ तुझ्या सवडीने.

सुरेखा


मिरज
३० सप्टेंबर २०२१

प्रिय सुरेखास,
स. न. वि. वि.

तुला कळलंच असेल. मंगळवारी, एकवीस तारखेला मुलगी झाली. दोन किलो सहाशे. हात, पाय, कान, डोळे, सगळं तपासलं, सगळं ठीक. डॉक्टरांनी रुचिराला सांगितलं आणि रुचिराने मला, तेव्हा मी आधी देवापुढे साखर ठेवली. नाव अनुया ठेवायचं म्हणतात. अमेयला पुढच्या आठवड्यात उतरवतायत.

मी रोज व्हिडिओवर बघते. झोपेत ओठ मुडपते, अगदी आमच्या ह्यांच्यासारखी. तू जिना उतरून बघू शकत नाहीस, हे आठवलं की फोन खाली ठेवते.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं आहे. लिहायला घेते आणि नेमकं कुणीतरी येतं. थोडी उसंत मिळू दे, मग सविस्तर लिहीन. इकडे पाऊस लांबलाय, सांधे दुखतात.

राग असला तरी आठवण ठेव.

चित्रा


चोआ चू कांग
शुक्रवार, १२ नोव्हेंबर २०२१

प्रिय चित्रास,
स. न. वि. वि.

सविस्तर उत्तराची वाट पाहिली, मग म्हटलं आपणच लिहावं, कारण सोमवारी सकाळी मला आत जायचं आहे. तीन आठवडे.

मंगळवारी कोर्ट होतं. दिवाळी मध्ये होती म्हणून वल्लरीने चकल्या केल्या, कुणी खाल्ल्या नाहीत. कोर्टात आधी विचारलं की दुभाषा हवा का, मराठीचा मिळेल. मंदार मागून माझ्याकडे बघत होता, त्याला वाटत होतं अजूनही मी हो म्हणावं. मी इंग्रजीत म्हटलं, नको, मला कागद तेव्हाही समजला होता. माझा आवाज चक्क वर्गातल्यासारखा निघाला. न्यायाधीश बाई आमच्या वल्लरीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या की भावना समजतात, पण ज्या व्यक्तीची काळजी म्हणून गेलात तिलाच सावध केलं नाहीत, आणि वेटिंगमधल्या सात जणींचा विचार करावाच लागेल. मी मान हलवली. मला त्यांचं सगळं पटलं, आणि तरी कठड्याला धरून उभी राहिले.

सुटले की पास रद्द होणार हे नक्की आहे. आम्ही दोघं मिरजेला येऊ. इराला अजून सांगितलं नाही, तिला वाटतं आजी तीन आठवडे ट्रीपला जातेय.

बाळाला पाहिलं. शिक्षा झाल्यावर आता भेटायला हरकत नाही, असं वकील म्हणाले होते. काल खाली लिफ्टपाशी रुचिरा उभी होती, अनुया खांद्यावर, शेजारी अमेय. काळंभोर जावळ आहे गं. मी पुढे झाले. रुचिराने बाळाचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं, आणि दुसरी लिफ्ट आली त्यात चढून गेली. अमेयने मात्र मला वाकून नमस्कार केला, बिचारा अवघडून गेला होता. तिचं चुकलं नाही. तिला जेवढं माहीत आहे, त्याला धरून तिने बरोबरच केलं.

मला भीती वाटते, चित्रा. लहान मुलीसारखी वाटते. रात्री आत दिवा असतो की नाही, गोळ्या वेळेवर देतात की नाही, माझ्याच्याने जमिनीवर बसवतं की नाही, असलं काहीबाही मनात येतं. ह्यांच्यासमोर हसते, मग नळ सोडून न्हाणीघरात रडते.

तू सुखरूप राहा. पत्र लिहिणार असलीस तर आता मंदारच्या नावाने लिही. मैत्री अजून आहे असं धरून चालते.

तुझी,
सुरेखा


मिरज
२५ नोव्हेंबर २०२१

चि. रुचिरा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहून त्याचा फोटो तुला पाठवते आहे. टपालाने पोचेपर्यंत मीच तिथे पोचलेली असेन, आणि मग अनुयाला मांडीवर घेतल्यावर मला हे सांगायचा धीर होणार नाही. फोनवर चारदा सुरुवात केली, चारही वेळा बाळाला काय पाजलंस एवढंच विचारून ठेवला.

सुरेखाने तुझ्याकडे यायच्या आधी मला विचारलं होतं. तिने मला स्पष्ट सांगितलं की घसा दुखतोय, नमुना दिलाय, घराबाहेर पडू नका म्हणालेत, मी काय करू. मी जा म्हणाले. ती कां कूं करत होती, मी तिला टोचून टोचून पाठवली. तू मला विचारलंस तेव्हा मी तुला खोटं सांगितलं, की मला काही माहीत नव्हतं. तू आजारी होतीस म्हणून, तू एकटी होतीस म्हणून, अशी कारणं मी स्वतःला दिली. मग तू बरी झालीस, अमेय आला, बाळ झालं, तरी मी सांगितलं नाही. म्हणजे ती कारणं नव्हतीच. तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं, एवढंच.

सुरेखा तीन दिवस गप्प बसली. मी सहा महिने.

तिच्या वकिलांनी तिला सांगितलं होतं की माझा निरोप कोर्टात वाचला तर शिक्षा हलकी होईल. तिने वाचू दिला नाही. त्या वेळी तुझे दिवस भरत आले होते आणि तुला माझी गरज आहे, असं तिने मला लिहिलं. ते पत्र माझ्याजवळ आहे, सोबत त्याचाही फोटो पाठवते. आज ती आत जाऊन दहा दिवस झाले. तिची स्वतःची चूक होती, ती तिने भरली, त्याबद्दल तुझं जे म्हणणं आहे ते असू दे. पण तिचं पत्र या वेळी बारा दिवसांत आलं, त्यात वाचलं; लिफ्टपाशी तू बाळाचं तोंड वळवलंस, ते तिच्या वाट्याचं नव्हतं, माझ्या वाट्याचं होतं.

तीस तारखेचं विमानाचं तिकीट काढलंय, परवानगीही आली आहे. पिशवीत डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, सगळं भरून ठेवलंय. तरी हे वाचल्यावर मी यायचं की नाही ते तू ठरव. ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर तिकीट रद्द करीन आणि तुला कारण विचारणार नाही.

सुरेखा कधी सुटते ते मंदारला विचारून घे. त्या दिवशी मी तिथे असेन किंवा नसेन, तू मात्र अनुयाला घेऊन जा.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची आपल्याकडे पद्धत आहे. आज मी मागत नाही.

तुझी,
आई